समुद्राकाठी दोन दिवस

संत दामाजी, संत चोखामेळा आणि संत कान्होपात्रा यांच्या नावांनी पुनीत झालेले मंगळवेढे हे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. गावाभोवती दूरवर काळीभोर, सपाट जमीन पसरली आहे. वर्षाकाठी पाऊस पडतो तो सुमारे पाचशे मिलिमीटर, आणि तोही भरवशाचा नव्हे. परंतु ही माती पावसाची ओल महिनोन् महिने पोटाशी धरून ठेवते व त्या ओलीवरच येथील प्रसिद्ध मालदांडी ज्वारी वाढते. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

अशा मुलखात जिचे सारे आयुष्य गेले, त्या माझ्या पत्नीने समुद्र कधी पाहिला नव्हता. साठाव्या वाढदिवसाला काय हवे, असे मी विचारले, तेव्हा तिने दागिना मागितला नाही की लुगडे मागितले नाही. "एकदा समुद्र पाहावा म्हणते," एवढेच ती म्हणाली.

मंगळवेढ्यावरून जाणारा महामार्ग सांगोला, मिरज, कोल्हापूर अशी गावे घेत थेट रत्नागिरीला पोहोचतो. डिसेंबर महिन्यातील एका पहाटे आम्ही उभयता एस. टी.ने निघालो. बरोबर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती. पोटरीत आलेली ज्वारी मागे पडली. मिरजेच्या आसपास उसाचे मळे लागले आणि कोल्हापूर ओलांडल्यावर आंबा घाटाची गर्द झाडी सुरू झाली.

हा घाट म्हणजे भूगोलाचा एक जिवंत धडाच होय. समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच बरसतात. म्हणून रत्नागिरीस तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आणि डोंगर ओलांडून आमच्याकडे येईतो ते वारे जवळजवळ रिते झालेले असतात. घाटमाथ्यावर आणखी एक नवल आहे. माथ्याच्या पश्चिमेस पडलेले पाणी थोड्याच अवधीत अरबी समुद्रास मिळते. पूर्वेस पडलेले पाणी मात्र कृष्णेच्या वाटेने सारे दख्खन ओलांडते आणि बंगालच्या उपसागराला जाते. आमची भीमाही कृष्णेलाच मिळते.

सायंकाळी भाट्ये येथील किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनातून बाहेर पडताच समोर अथांग पाणी दिसले. पत्नी काही बोलली नाही. तिने वहाणा काढल्या, ओंजळीत पाणी घेतले आणि चंद्रभागेचे लावावे तसे ते डोळ्यांना लावले. मग पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "अहो, ज्या ढगांची आपण वाट पाहतो, ते इथून निघतात तर!"

दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता. आम्ही जेथे उतरलो होतो, त्या घरच्या बाईंनी तिला आपणहून ओवाळले आणि तांदळाची भाकरी व सोलकढी वाढली. निघताना पत्नीने त्यांना आपल्याकडील कडक भाकरी दिली. त्यांनी तिच्या पिशवीत आमसुले घातली.

त्याच दुपारी थिबा राजवाडा पाहिला. थिबा हा ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि १८८६ साली त्याला राणी सुपयालत व मुलींसह रत्नागिरीस आणून ठेवले. तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. त्यापूर्वी दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादुरशहा जफर याला त्यांनी रंगूनला धाडले होते. तो १८६२ साली तेथेच वारला. राजाला आपल्या माणसांपासून तोडावयाचे, तर मध्ये समुद्र घालावा, ही राज्यकर्त्यांची युक्ती होती. थिबासाठी टेकडीवर हा वाडा बांधला गेला तो १९१० साली. १९१६ साली राजाचा येथेच अंत झाला. राणीला १९१९ साली मायदेशी परतता आले. परंतु तेव्हा राजा बरोबर नव्हता. त्याची समाधी आजही रत्नागिरीतच आहे.

टेकडीवरून सूर्यास्त फार सुंदर दिसतो. तो पाहता पाहता पत्नीने विचारले, "तीस वर्षे राजाने हाच सूर्यास्त पाहिला असेल. त्याला तो आवडला असेल का हो?"

मी विचारात पडलो. थिबापुढे समुद्र होता, पण तो पश्चिमेचा. त्याचा देश त्याच्या पाठीशी, पूर्वेला, बंगालच्या उपसागरापलीकडे राहिला होता. याच समुद्राची वाफ होते, तिचे ढग होतात, ते सह्याद्रीच्या माथ्यावर बरसतात आणि ते पाणी कृष्णेतून त्या उपसागराला मिळते, ज्याच्या पैलतीरी ब्रह्मदेश आहे. पाण्याच्या थेंबाला जी वाट मोकळी होती, ती एका राजाला मात्र बंद होती.

आम्ही दोघे आपल्या इच्छेने समुद्राकाठी आलो आणि आपल्या इच्छेने घरी परतणार होतो. सौंदर्य डोळ्यांना दिसते हे खरे. परंतु त्याचा आनंद मनाला होण्यासाठी माणूस स्वतंत्र असावा लागतो. मनास येईल तेव्हा निघावे आणि मनास येईल तेव्हा परतावे, ही आपल्याला सामान्य वाटणारी गोष्ट किती मोलाची आहे, हे त्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे कळते.

शब्दार्थ
उभयता – दोघे. पोटरी – कणीस बाहेर पडण्यापूर्वीची ताटाची अवस्था. रिते – रिकामे. पैलतीर – पलीकडचा काठ.

स्वाध्याय
१. मंगळवेढ्यास कमी व रत्नागिरीस अधिक पाऊस का पडतो?
२. 'हा घाट म्हणजे भूगोलाचा एक जिवंत धडाच होय,' असे लेखक का म्हणतो?
३. थिबा राजा व बहादुरशहा जफर यांच्या जीवनातील साम्य सांगा.
४. 'त्याला तो आवडला असेल का हो?' या प्रश्नाचे उत्तर आपल्या शब्दांत लिहा.
५. आपल्या गावच्या ओढ्याचे किंवा नदीचे पाणी कोणत्या समुद्राला मिळते, ते नकाशात शोधा.