सनईचा सूर आपलासा करताना

प्रश्न : सुरतेत लिंबायतला आम्ही खानदेशी लग्नांत सिंथेसायझर वाजवतो. तयार सनईचा टोन बेजान वाटतो. स्वतःचा आवाज कसा घडवावा?

उत्तर : कोऱ्या पाटीवरून सुरुवात नको, तोच प्रीसेट घ्या. आधी कटऑफ. थोडा वाढवला की धार उघडते. फार वाढवला तर मंडपातले भोंगे किंचाळतात. आता खरी सनई आठवा. वादक सूर धरतो, क्षणभर सरळ ठेवतो आणि मगच हलवतो. पुष्कळ प्रीसेटमध्ये कंप पहिल्या क्षणापासूनच असतो, आणि माझ्या मते बेजानपणा तिथूनच येतो. व्हायब्रेटोचा डिले वाढवून पाहा, फरक लगेच कानाला लागेल. टोन मोनो करा, पोर्टामेंटो अगदी जरासा ठेवा. पिच बेंड बहुतेक वाद्यांवर 2 सेमीटोनांचा, म्हणजे सा ते शुद्ध रे एवढाच असतो. शुद्ध गंधारापर्यंत मींड ओढायची तर 4 करा. रिव्हर्ब कमी करा, गल्लीतल्या भिंती आवाज घुमवतातच.

प्रत्येक टप्पा यूजर टोनमध्ये नव्या क्रमांकावर साठवा. वीज गेली की न साठवलेले बदल जातात. रात्रभर घडवलेला माझा एक टोन असाच गेला, आणि तो पुन्हा कधी तसा जमला नाही.