विश्व सपाट, म्हणजे नेमकं कसं?

प्रश्न : विश्व सपाट आहे असं वाचलं. म्हणजे भाकरीसारखं चपटं का? आणि हे मोजलं कसं?

उत्तर : भाकरी विसरा. इथे ‘सपाट’ म्हणजे शाळेतली भूमिती लागू पडणं, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश भरणं. एका मोसंब्यावर देठापासून काटकोनात दोन रेषा मध्यापर्यंत ओढा आणि तिथे आडव्या जोडा. तिन्ही काटकोन, बेरीज २७०! पृष्ठभाग वक्र असल्याची ही खूण.

विश्वासाठी त्रिकोण अर्थातच अवाढव्य लागतो. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात पोहोचतो. त्यातल्या उष्ण-थंड डागांचा मूळ आकार गणिताने काढता येतो. असा डाग म्हणजे आपल्या त्रिकोणाचा पाया, आपण त्याचं टोक. अवकाश मोसंब्यासारखं वक्र असतं तर हे डाग मोठे दिसले असते, खोगिरासारखं असतं तर लहान. दिसतात साधारण एक अंशाचे, पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट. सपाट अवकाशात दिसावेत तेवढेच. या सूक्ष्मलहरी मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८च्या निष्कर्षांना आकाशगंगांच्या निरीक्षणांची जोड दिली, तेव्हा वक्रता शून्यच निघाली, फार तर ०.२ टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे.

पण सपाट म्हणजे अनंतच, असं नव्हे. जुन्या मोबाइलवरच्या खेळातला साप उजवीकडून बाहेर पडून डावीकडून आत यायचा, आठवतो? पडदा सपाट, मर्यादित, तरी सापाला कड लागत नसे. विश्व तसंही असू शकेल. तसं असेल तर आकाशात तेच दृश्य पुन्हा दिसू शकेल; अशा पुनरावृत्तीच्या खुणा शोधून झाल्या, अजून सापडलेल्या नाहीत.