राखेतील धन
(सामान्य विज्ञान : वरच्या इयत्तांसाठी पाठ)

उद्देश : टाकाऊ मानलेल्या वस्तूत उपयुक्त द्रव्ये कशी दडलेली असतात व ती वेगळी काढण्यास काय मोल पडते, हे विद्यार्थ्यांस समजावे.

प्रस्तावना : हुपरीचे चांदीकाम किंवा कोल्हापुरातील गुजरी ठाऊक नसलेला मुलगा या जिल्ह्यात विरळाच. सोनाराच्या दुकानातील केर व राख धुऊन तीतून सोन्याचांदीचे कण काढणाऱ्यास झारेकरी म्हणतात. “आपण उकिरड्यावर टाकतो ती राख झारेकरी मोल देऊन का नेतो?” या प्रश्नाने पाठास आरंभ करावा.

विवेचन : कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी येथील वीजकेंद्रांत दगडी कोळसा जाळतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा शेकडा ३० ते ४५ असते. कोळसा जळताना कार्बन वायुरूपाने निघून जातो, खनिज भाग मागे राहतो. म्हणून कोळशात विखुरलेले बरेचसे धातू राखेत एकवटतात. राखेत सिलिका सर्वाधिक असते. ॲल्युमिना शेकडा सुमारे २० ते ३०, त्याखालोखाल लोहाचे ऑक्साइड. गॅलियम, व्हॅनेडियम व विरल मृदा धातू अत्यल्प असतात. १९३०च्या सुमारास गोल्डश्मिट या शास्त्रज्ञाने कोळशाच्या राखेत जर्मेनियम दाखवून दिले. चीनमध्ये ते अशा राखेतून काढले जाते.

लोहकण चुंबकाने निघतात. ॲल्युमिनासाठी राख चुनखडीसह भाजून सोड्याच्या द्रावणात मुरवितात. विरल धातूंसाठी आम्ल लागते.

मग सर्वत्र असे का करीत नाहीत? येथे राधानगरी व शाहूवाडीच्या सड्यांवरील बॉक्साइटचे उदाहरण द्यावे. त्यात ॲल्युमिना अधिक असून तो सहज सुटतो. राखेतील ॲल्युमिना सिलिकेशी घट्ट जखडलेला असतो. शिवाय आम्ल वापरल्यावर उरणाऱ्या गाळाची व्यवस्था करावीच लागते. तथापि राख पडून राहणेही निर्धोक नव्हे. जुलै २०२२मध्ये कोराडीजवळ खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटून राखेचा गाळ शेतांत व पाण्यात शिरला. राख सिमेंट व विटांत वापरली जावी, यासाठी केंद्र सरकारने १९९९मध्ये अधिसूचना काढली.

प्रयोग : वीटभट्टीतील दगडी कोळशाची पूर्ण निवालेली राख किंचित ओलवून पसरावी, म्हणजे ती उडणार नाही. कागदात गुंडाळलेला चुंबक तिच्यावरून फिरवावा. चिकटलेले काळे कण भिंगातून दाखवावेत. आम्लाचा प्रयोग वर्गात करू नये.

गणित : १ टन कोळशात एक धातू ६० ग्रॅम आहे. त्यापासून ४०० किलो राख उरली व सर्व धातू तीतच राहिला, तर १ टन राखेत तो किती? (उत्तर : १५० ग्रॅम)

समारोप : राखेत धन आहे हे खरे, परंतु ते काढण्याचा खर्च आणि मागे उरणारा गाळ यांचा हिशेब मांडल्यावाचून त्यास लाभ म्हणू नये, हे मुलांच्या मनावर ठसवावे. आपल्या गावात टाकाऊ ठरलेल्या एका वस्तूचा असाच हिशेब त्यांनी घरून लिहून आणावा.