डेटा बिघडला, आता मागे जायचं की पुढे यायचं?

बॅकअप कसा घ्यायचा ते व्हिडिओत बघितलं. तो कधी वापरायचा आणि कधी हातही लावायचा नाही, ते आज बघू.

समजा, तुमचं होलसेल किराणा दुकान आहे. बिलिंगचा बॅकअप रोज रात्री 10 वाजता होतो. आज दुपारी 3 पर्यंत 139 बिलं झाली, आणि 140वं सेव्ह होताना लाइट गेली. स्टॉकमधून 5 पोती साखर कमी झाली, पण गिऱ्हाइकाच्या नावावर उधारी चढलीच नाही. डिस्क ठणठणीत आहे, बाकी बिलं शाबूत आहेत. इथे फक्त तो अर्धवट व्यवहार उलटा फिरवायचा. याला म्हणतात बॅकवर्ड रिकव्हरी, म्हणजे रोलबॅक. डेटाबेस पुन्हा चालू होताना हे आपणहून करतो. अट एकच, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने स्टॉक आणि उधारी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेली हवी. घाबरून कालचा बॅकअप रिस्टोअर केलात, तर एका बिलापायी 139 घालवून बसाल!

आता दुसरी वेळ. हार्ड डिस्कच गेली. मागे फिरवायला काही शिल्लकच नाही. मग नव्या डिस्कवर कालचा बॅकअप टाकायचा आणि त्यावर आजचे व्यवहार लॉगमधून क्रमाने पुन्हा चढवत 3 वाजेपर्यंत यायचं. ही फॉरवर्ड रिकव्हरी. जुन्या दुकानदारांना हे पटकन कळेल. खतावणी हरवली तर आधीची प्रत घेऊन रोजकीर्दीवरून पुन्हा खतवता येतं. लॉग म्हणजे तुमची रोजकीर्द.

पण रोजकीर्द आणि खतावणी एकाच कपाटात असतील आणि कपाटच जळालं तर? बहुतेक छोट्या दुकानांत नेमकं हेच असतं, लॉग आणि डेटा एकाच डिस्कवर. त्यामुळे सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, "दादा, लॉगचा बॅकअप वेगळ्या जागी जातो का?" खाली एसक्यूएल सर्व्हर असेल तर रिकव्हरी मॉडेल 'सिंपल' आहे की 'फुल' तेही विचारा. सिंपलमध्ये लॉगचा बॅकअप घेताच येत नाही, शेवटच्या बॅकअपपर्यंतच पोचता येतं. फुलमध्ये येतो, पण लॉगचा बॅकअप घेत राहिलं नाही तर लॉगची फाइल फुगत जाऊन डिस्क भरते. मायएसक्यूएलमध्ये हेच काम बायनरी लॉग करतो, तो चालू आहे ना ते बघून घ्या.

दिवसाला दहा-बाराच बिलं होत असतील आणि कार्बन कॉपी ठेवत असाल, तर एवढा खटाटोप करू नका. रात्रीचा बॅकअप ठेवा, दिवसाची बिलं हाताने टाका. तासाला पन्नास बिलं फाटत असतील तर मात्र लॉग हवाच.

तिसरी वेळ सगळ्यात फसवी. सकाळी 11 ला पोऱ्याने तेलाचा दर चुकीचा टाकला, तुम्हाला कळलं 5 ला. लॉग वापरून 10:59 ला जाऊन थांबता येतं, पण मग मधल्या सहा तासांची खरी बिलंही जातात. गिऱ्हाइकाच्या हातात तर ती छापील आहेत! इथे डेटाबेसला हात लावू नका. दर सुधारा. ज्यांच्याकडून जास्त घेतलेत त्यांना क्रेडिट नोट द्या, कमी लागले असतील तिथे डेबिट नोट.

या रविवारी दुकान बंद झालं की दुसऱ्या कॉम्प्युटरवर कालचा बॅकअप एकदा रिस्टोअर करून बघा. घड्याळ लावून. किती वेळ लागला आणि शेवटचं बिल कितव्या नंबरचं दिसतंय, ते वहीत लिहून ठेवा.