आधी हवा काढा, मग गॅस सोडा

विहिरीवरच्या पंपात हवा राहिली, की मोटर नुसती फिरते. पाणी चढत नाही. मग आपण पंपात पाणी भरतो आणि हवा घालवतो. हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. एसीमध्येही हवा अशीच घात करते.

आता सातारा-सांगलीकडे दुकानांत, दवाखान्यांत, घरांत एसी दिसतो. त्याचे दोन भाग असतात. एक खोलीत, एक बाहेर. ते तांब्याच्या दोन नळ्यांनी जोडतात. थंडावा देणारा गॅस बाहेरच्या भागात कारखान्यातच भरलेला असतो. नळ्यांत मात्र साधी हवा असते. हवेबरोबर ओल असते.

ही हवा आत राहिली तर काय होईल? दाब वाढेल. वीज जास्त जळेल. गारवा कमी मिळेल. ओल बारीक नळीत गोठून वाट अडवील. ती तेलात मिसळली तर आम्ल तयार होईल आणि कॉम्प्रेसर निकामी होईल. म्हणजे हजारो रुपयांचे नुकसान!

काही कारागीर घाईत असतात. ते म्हणतात, “काका, थोडा गॅस सोडतो. त्याबरोबर हवा निघून जाईल.”

तुम्ही सांगा, “नको बाबा. व्हॅक्यूम पंप लाव. वेळ लागला तरी चालेल.”

असे का सांगायचे? गॅस सोडला तर तो वाया जातो आणि ओल आतच राहते. शिवाय आज पुष्कळ एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो. तो पेट घेऊ शकतो. जवळ विडी किंवा चूल पेटलेली असली, तर जिवाशी खेळ होतो.

पंपाने ओल कशी जाते? समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी. म्हणून पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. व्हॅक्यूम पंप नळीतला दाब फारच कमी करतो. मग आतली ओल विस्तवावाचून उकळते. तिची वाफ होते आणि हवेबरोबर बाहेर पडते.

काम असे करून घ्यावे :

१. नळ्या जोडून नट घट्ट करावेत.
२. पंप निदान १५ ते २० मिनिटे चालवावा. नळी लांब असेल तर जास्त वेळ.
३. गेजची चावी मिटून पंप बंद करावा. दहा मिनिटे काटा पाहावा. काटा वर चढला तर गळती आहे किंवा ओल उरली आहे. तसे असेल तर गॅस सोडू नये.
४. काटा जागेवर राहिला, तरच बाहेरच्या भागाच्या चाव्या उघडाव्यात.

दाब देऊन गळती तपासायची असेल, तर नायट्रोजन वापरतात. ऑक्सिजन कधीही भरू देऊ नका. तेलाशी त्याची गाठ पडली, की स्फोट होऊ शकतो.

कारागिराचे काम कारागिरानेच करावे. पण पैसे आपले, घर आपले. म्हणून काट्यावर नजर आपली असावी.

प्रश्न
१. नळीत ओल राहिली तर काय बिघडते?
२. गॅस सोडून हवा का काढू नये?
३. पंप बंद केल्यावर काटा का पाहावा?