दिव्यांच्या लाइनीला खटका कोणता?

बदलापूरच्या पलीकडे एका वाडीवर आम्ही गेलो होतो. घर कौलारू, आढ्याला जुनी लाकडे. आत शिरताच जळका वास आला. घरधनी म्हणाले, "चार दिवस येतोय. कुठंतरी उंदीर मेला असेल."

मेलेल्या उंदराला जळका वास येत नाही. आम्ही मेन बंद करायला सांगितली आणि शिडी लावून वर पाहिले. वायरवरचे प्लास्टिक वितळून लाकडाला चिकटले होते.

मग खटका का पडला नाही? खटका म्हणजे एमसीबी. पेटीत आधी ६ अँपिअरचा होता. तो सारखा पडायचा, म्हणून घरधन्यांनी ३२ चा आणून बसवला. "मोठा म्हणजे मजबूत, असं वाटलं," ते म्हणाले. पुष्कळांना असेच वाटते.

मंडळी, खटका दिव्याला राखत नाही, तो वायरला राखतो. वायर सोसेल त्याहून जास्त वीज वाहू लागली, की वायर तापते. ती जळण्याआधी खटका पडला पाहिजे. म्हणून आधी वायर पाहायची, मग खटका. दिव्यांसाठी बहुधा तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर असते. वायरमन तिला 'दीडची वायर' म्हणतो. तिला ६ चा खटका चांगला. दिवे फार असले तर १० चा चालेल. जुन्या घरांत 'एकची' बारीक वायर सापडते. तिला ६ चाच.

सहा पुरेल का? हिशेब करू. ९ वॅटचे ६ बल्ब म्हणजे ५४ वॅट. २० वॅटच्या २ ट्यूब, ४० वॅट. ७५ वॅटचे ३ पंखे, २२५ वॅट. एकूण ३१९ वॅट. घरची वीज २३० व्होल्टची. ३१९ ला २३० ने भागा. दीड अँपिअरसुद्धा होत नाही!

मग वाडीवरचा खटका का पडत होता? दिव्यांच्या लाइनीवरच पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड आणि २००० वॅटची विजेची शेगडी लावली होती. दोन्ही मिळून सव्वापंधरा अँपिअर, वर दिवे आणि पंखे. बिचारा खटका खरे सांगत होता, त्याचेच तोंड बंद केले. ३२ च्या खटक्याला साडेसोळा अँपिअर म्हणजे काहीच नाही. तो स्वस्थ बसला आणि वायर भाजत राहिली.

आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा दुकानात खटका हातात घेऊन वाचा. त्यावर एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडा असतो. उभ्या काठीला दोन पोटे असली तर ते 'बी', चंद्रकोरीसारखे असले तर 'सी'. आकडा म्हणजे अँपिअर. तारांची गाठ पडली, म्हणजे शॉर्ट झाला, तर बी ६ हा १८ ते ३० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडतो; सी ६ हा ३० ते ६० च्या दरम्यान. दिव्यांना बी बरा. एलईडीचे पुष्कळ दिवे एकदम लावताना बी पडत असेल तर वायरमन सी बसवतो, पण आकडा तोच ठेवतो. आयएसआयची खूणही पाहा. उल्हासनगरच्या बाजारात भाव खुशाल करा, पण ही खूण पाहिल्यावाचून पैसे देऊ नका.

याच उल्हासनगरात १९४७ नंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. एका बराकीत अनेक बिऱ्हाडे. अशा दाटीच्या घरांत, किंवा अंबरनाथच्या चाळींत, एकाच्या वायरची आग शेजाऱ्याकडे जायला वेळ लागत नाही.

आणखी एक. हा खटका माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे यंत्र लागते, ३० मिलिअँपिअरचे. त्यावर एक छोटे बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहायचे, यंत्र पडले म्हणजे ठीक. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात घरांत शिरले होते. पाणी चढू लागले आणि हात-पाय कोरडे असले तर आधी मेन बंद करावी. पाण्यात उभे राहून पेटीला हात लावू नये.

वाडीवर परवान्याचा वायरमन बोलावला. त्याने जळकी वायर काढून दीडची नवी ओढली आणि बी ६ बसवला. रॉड आणि शेगडीला अडीचची वायर व १६ चा खटका, अशी वेगळी लाइन दिली. घरधन्यांनी बत्तीसचा खटका दुकानात परत न्यायला पिशवीत टाकला.