आधी शस्त्रं की आधी गिल्ड?

प्रश्न : मी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नुकताच खेळू लागलो आहे. लेव्हल, शस्त्रं की आणखी काही? या खेळात सर्वांत महत्त्वाचं काय?

उत्तर : सोबतची माणसं. लेव्हल वाढतेच आणि शस्त्रं जुनी होतात. २००४ मध्ये हा खेळ आला, तेव्हा 'मोल्टन कोअर' या मोहिमेसाठी ४० जणांची फौज लागे. तिथली शस्त्रं मिळवण्यात लोकांचे महिने गेले. २००७ च्या जानेवारीत 'द बर्निंग क्रुसेड' हा खेळाचा विस्तार आला आणि नव्या प्रदेशातल्या साध्या कामगिऱ्यांत मिळणाऱ्या वस्तू त्यांची जागा घेऊ लागल्या.

माणसं मात्र टिकतात. नॉर्वेच्या मॅट्स स्टीनला स्नायू क्षीण करत नेणारा ड्युशेन हा आजार होता. 'इबेलिन' या नावाने तो वर्षानुवर्षं हाच खेळ खेळला. मुलगा एकाकी आहे, असं आईवडिलांना वाटे. २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. मग गिल्डमधल्या, म्हणजे खेळातल्या त्याच्या गटातल्या, सोबत्यांचे निरोप आले: त्याने कुणाला कसा धीर दिला, हे सांगणारे. काही जण तर परदेशांतून अंत्यविधीला आले. खेळातली मैत्री खोटी असते, असं मी म्हणूच शकत नाही.

तेव्हा आधी गिल्ड पारखा. बॉसकडून हरल्यावर तिथे चूक समजावतात की नवख्याला झापतात, ते ऐका. झापत असतील तर खुशाल निघा. मार झेलणारा टँक, जखमा भरणारा हीलर की मारा करणारा, यांतली एक भूमिका नीट शिका. मध्येच उठावं लागणार असेल, तर सुरुवातीलाच सांगा. डंजन या पाच जणांच्या मोहिमेत बाकी चौघं तुमच्या भरवशावर असतात.